लागले तरी चोळायचे नाही!
(कर्नल सी. के. नायडू : एक कठोर गुरू)

गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या संघातून मी पहिल्यांदा क्रिकेटचा सामना खेळलो. तिसऱ्याच षटकात एक उसळता चेंडू माझ्या मनगटावर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी बॅट टाकली, हात काखेत दाबला आणि सरळ तंबूकडे चालू लागलो. तंबू कसला, कडुनिंबाखाली अंथरलेली एक सतरंजी! तिथे सामना पाहायला आलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी माझे मनगट हलवून पाहिले, हाड शाबूत असल्याची खात्री केली आणि शांतपणे सांगितले की कर्नलसाहेबांच्या संघात असतो तर उद्यापासून मला मैदानात पाय ठेवता आला नसता.

हे कर्नलसाहेब कोण, हे मला तेव्हा धड ठाऊक नव्हते. सी. के. नायडू यांच्या नावाचा एक करंडक आहे, एवढेच वर्तमानपत्रात वाचलेले. पण त्या गृहस्थांचे बोलणे मनगटापेक्षा जास्त लागले. ग्रंथालयात जाऊन मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता कळले की हा माणूस आपल्याच विदर्भाचा. नागपूरचा! वर्ध्याहून आगगाडीने तासा-दीड तासाच्या अंतरावर जन्मलेला. आणि तो नुसता मोठा फलंदाज नव्हता, तर माणसे घडवणारा एक विलक्षण कठोर गुरू होता. त्या गुरूविषयी चार शब्द लिहावेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

गुरू हा शब्द मी मुद्दाम वापरला. अमेरिकेतल्या महाविद्यालयांत त्यांच्या तिकडच्या फुटबॉलच्या प्रशिक्षकाला कधी कधी प्राचार्यांपेक्षाही अधिक मान असतो. नूट रॉक्नी हे त्यांपैकी सर्वांत गाजलेले नाव. १९१८ ते १९३० या काळात नॉत्र दाम विद्यापीठाच्या संघाला त्यांनी १०५ सामने जिंकून दिले आणि हरले फक्त १२. १९३१ साली विमान अपघातात ते गेले तेव्हा सारा अमेरिका देश हळहळला. आपल्याकडे त्या काळी क्रिकेटच्या संघाला असा पगारी प्रशिक्षक बहुधा नसेच. खेळाडू निवडणे, त्यांना घडवणे, दटावणे आणि मग त्यांच्यासह मैदानात उतरणे, ही सारी कामे कर्णधाराच्याच गळ्यात पडत. नायडूंनी ती तीस-पस्तीस वर्षे केली. म्हणून रॉक्नीच्या पंक्तीला बसवायचा आपल्याकडचा माणूस शोधायचा झाला, तर मला नायडूच दिसतात.

कोट्टारी कनकैया नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे झाला. घराणे मूळचे तेलुगू, पण नागपुरात रुजलेले. आजोबा नारायणस्वामी नायडू हे नावाजलेले वकील आणि जमीनदार. १८९१ साली नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. वडिलांचे शिक्षण केंब्रिजला झालेले. म्हणजे घरात पैसाही होता आणि विद्याही. हे सांगणे आवश्यक आहे, कारण थोरांची चरित्रे लिहिताना आपण त्यांना उगाच गरिबीत जन्माला घालतो. नायडूंचे मोठेपण गरिबीवर मात करण्यात नव्हते. हातात सारे काही आयते असताना स्वतःला कठोर करून घेण्यात ते होते.

त्या काळी हिंदुस्थानातले सर्वांत मोठे सामने मुंबईला होत. एका बाजूला युरोपियन, दुसऱ्या बाजूला हिंदू, पारशी आणि मुसलमान, असे हे चौरंगी सामने. १९१६ साली एकवीस वर्षांचे नायडू हिंदू संघाकडून पहिल्यांदा खेळायला मुंबईस गेले. नागपूरहून मुंबईला जाणारी गाडी वर्ध्यावरूनच जाते. आपल्या स्टेशनाच्या फलाटावर त्या दिवशी कुणी त्यांच्याकडे वळूनही पाहिले नसेल. समोर युरोपियनांचा संघ होता. हिंदूंचे सात गडी ७९ धावांत बाद झाले होते, तेव्हा हा उंच, सडपातळ तरुण खेळायला आला. पहिले तीन चेंडू त्याने नुसते अडवले आणि चौथा सीमेपलीकडे भिरकावून दिला. षटकार! पहिल्या मोठ्या सामन्यातली पहिली धावच अशी निघाली. परतीच्या प्रवासात मात्र फलाटावर लोकांनी त्यांना ओळखले असेल, असे मला आपले वाटते.

१९२३ साली तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावून घेतले आणि आपल्या लष्करात कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले आणि कर्नल हे जणू त्यांचे पहिले नावच होऊन बसले. अशा रीतीने नागपूरचा हा सुपुत्र इंदूरकर झाला, तो कायमचाच.

त्यांचे नाव देशाच्या कानाकोपऱ्यात नेले ते १९२६ सालच्या एका डावाने. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी.चा संघ विलायतेहून आला होता. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाशी त्याचा सामना होता. नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा कुटल्या आणि त्यांत अकरा षटकार होते. लोक झाडांवर चढले, आजूबाजूच्या इमारतींच्या गच्च्यांवर जमले. आपल्या माणसाने साहेबाच्या गोलंदाजीची अशी दैना केलेली लोकांनी प्रथमच पाहिली होती. हिंदुस्थानातही कसोटीच्या तोडीचे क्रिकेट आहे अशी गिलिगन यांची खात्री पटली, आणि १९२८ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले, त्यामागे त्या दौऱ्याची पुण्याई होती.

मग उजाडले १९३२ साल. हिंदुस्थानचा संघ पहिला अधिकृत कसोटी सामना खेळायला इंग्लंडला निघाला. कर्णधार पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र. त्या काळी राजा असणे हीच कर्णधारपदाची पात्रता! परंतु पोरबंदरच्या महाराजांना आपल्या मर्यादा ठाऊक होत्या. ते मोठ्या मनाने बाजूला झाले. लिंबडीकर जखमी झाले. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कर्णधार म्हणून नागपूरचे नायडू उतरले.

त्या सामन्याची एक बाजू आपण अभिमानाने सांगतो. मोहम्मद निसारने दोघांचे त्रिफळे उडवले, एक धावबाद झाला, आणि इंग्लंडचे पहिले तीन गडी अवघ्या १९ धावांत परतले. एक झेल घेण्याच्या प्रयत्नात नायडूंच्या हाताला इजा झाली, तरी पहिल्या डावात संघातल्या सर्वांत अधिक, म्हणजे ४० धावा त्यांनीच काढल्या. सामना आपण १५८ धावांनी हरलो, पण मान खाली घालून नव्हे. त्या दौऱ्यात नायडूंनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत १,६१८ धावा केल्या, ६५ गडी बाद केले आणि विस्डेनने १९३३ साली त्यांची वर्षातल्या पाच श्रेष्ठ खेळाडूंत गणना केली. बर्मिंगहॅमला त्यांनी मारलेला एक षटकार रिया नदी ओलांडून गेला आणि ती नदी दोन परगण्यांची सीमा असल्याने चेंडू एका परगण्यातून दुसऱ्यात पडला, अशी आख्यायिका आजही सांगतात.

दुसरी बाजू आपण सांगत नाही. त्या कसोटीच्या आदल्या रात्री संघातल्या काही खेळाडूंनी नायडूंच्या हाताखाली खेळण्यास नकार दिला होता, असे इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. त्यांची समजूत घालून त्यांना मैदानात उतरवावे लागले. कारणे अनेक दिली जातात. संघात राजेरजवाड्यांचे गट होते, प्रांताप्रांतांचे हेवेदावे होते. पण एक कारण नायडूंचा स्वभाव हेही होते. ते कुणाशी सलगी करीत नसत. चूक झाली की चारचौघांत सुनावत. आपल्यासारखाच दुसऱ्यानेही देह झिजवावा, ही त्यांची अपेक्षा; आणि ती पुरी न करणाऱ्याला त्यांच्याकडे क्षमा नव्हती.

लागले तरी चोळायचे नाही, हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध दंडक. त्यांच्या हाताखाली खेळलेल्यांच्या आठवणींत ही गोष्ट पुन्हा पुन्हा येते. चेंडू मांडीवर बसो, बरगडीवर बसो की बोटावर, खेळाडूने तिकडे हात न्यायचा नाही. तोंड वाकडे करायचे नाही. वेदना दिसली की गोलंदाजाला बळ चढते, हा त्यामागचा विचार. विचार साधा आहे, पण अंमल करणे किती कठीण, ते ज्याला चामड्याचा चेंडू लागला आहे त्यालाच कळेल!

हा दंडक त्यांनी आधी स्वतःला लावला होता. १९३६ साली ओव्हलच्या कसोटीत गबी ॲलन यांचा एक वेगवान चेंडू त्यांच्या छातीपाशी बसला. पाहणाऱ्यांना वाटले, आता यांना उचलूनच न्यावे लागणार. नायडू सावरले, पुन्हा उभे राहिले आणि ८१ धावा करून गेले. तो त्यांच्या आयुष्यातला अखेरचा कसोटी डाव. पुढे पन्नाशी उलटल्यावर मुंबईविरुद्धच्या रणजी सामन्यात दत्तू फडकरांचा चेंडू त्यांच्या तोंडावर आदळला आणि दोन दात पडले. त्यांनी बाहेर जायला नकार दिला. फडकर बिचारे बावरून हळू चेंडू टाकू लागले, तेव्हा नायडूंनी त्यांनाच दटावले आणि पहिल्याइतक्याच वेगाने टाकायला लावले. मी मनगट धरून कडुनिंबाखाली आलो तो प्रसंग या ठिकाणी आठवला आणि पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले.

आता त्यांच्या खऱ्या कार्याकडे येतो. नायडूंच्या वाट्याला कसोटी सामने आले अवघे सात. १९३३-३४ साली जार्डिनच्या संघाविरुद्धच्या तीन कसोट्यांत ते कर्णधार होते. मुंबईच्या सामन्यात बावीस वर्षांच्या लाला अमरनाथने हिंदुस्थानचे पहिले कसोटी शतक ठोकले, तेव्हा समोरच्या टोकाला नायडू पाय रोवून उभे होते. त्या दोघांनी १८६ धावांची भागीदारी केली. पण १९३६ च्या दौऱ्यात कर्णधारपद गेले विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे, ज्यांची क्रिकेटमधली योग्यता त्यांच्या खजिन्याच्या मानाने फारच थोडी होती. त्या दौऱ्यात नायडूंचा अपमान करणाऱ्यांची चलती होती, असे म्हणतात. चाळीस वर्षांचा, देशाचा पहिला कर्णधार राहिलेला तो माणूस साधा खेळाडू म्हणून मुकाट्याने खेळला. तेही लागले असेलच. पण चोळायचे नाही!

दुसरा एखादा असता तर मानाने निवृत्त झाला असता. नायडू इंदूरला परतले आणि त्यांनी एक संघ घडवला. तोच हा होळकर संघ. यशवंतराव होळकरांचा आश्रय होता, यशवंत क्लबचे मैदान होते, पण इंदूर म्हणजे काही मुंबई नव्हे. मुंबईत गल्लीगल्लीत क्रिकेट होते. इथे खेळाडू शोधून आणावे लागत. सय्यद मुश्ताक अली हा इंदूरचाच मुलगा. त्याच्यातले तेज नायडूंनी तो पोरसवदा असतानाच हेरले होते. चंदू सरवटे सागरचे. हिरालाल गायकवाड तर आपल्या नागपूरचे. माधवसिंग जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर आणि नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. नायडू. कुणी मराठा, कुणी ब्राह्मण, कुणी मुसलमान. या साऱ्यांना कर्नलच्या लष्करी शिस्तीतून जावे लागले. वेळेवर येणे, नीटनेटका पोशाख, अंग मोडून क्षेत्ररक्षण, आणि तोंडातून तक्रारीचा शब्द नाही.

या संघाचा कस कळला तो एका पराभवात. १९४४-४५ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात गाठ मुंबईशी पडली. सामना वेळेचे बंधन नसलेला. मुंबईने दोन डावांत ४६२ आणि ७६४ धावा केल्या. सी. एस. नायडूंनी त्या सामन्यात ९१७ चेंडू टाकले! आजच्या हिशेबाने १५२ षटके आणि वर पाच चेंडू. होळकरांपुढे जिंकायला ८६७ धावांचे आव्हान उभे राहिले. कुणीही हात टेकले असते. पण होळकर संघाने ४९२ धावांपर्यंत झुंज दिली. पहिल्या डावात १०९ करणाऱ्या मुश्ताक अलींनी दुसऱ्यात १३९ केल्या, आणि लष्करी नोकरीमुळे महूला मुक्काम असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळताना २४९ धावांवर नाबाद राहिला. पराभव ३७४ धावांचा; परंतु दोन्ही संघांनी मिळून केलेल्या २,०७८ धावांमुळे तो सामना इतिहासात अमर झाला.

पुढच्याच हंगामात होळकर संघाने करंडक जिंकला. उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध त्यांनी ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. एकाच डावात सहा जणांची शतके! भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर, प्रतापसिंग आणि सहावे खुद्द नायडू. अंतिम सामना बडोद्याशी. वयाची पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या नायडूंनी त्यात २०० धावा काढल्या. ही त्यांची साऱ्या आयुष्यातली सर्वोच्च धावसंख्या. ज्या वयात माणसे नातवंडांना मैदानात घेऊन जातात, त्या वयात हा गुरू शिष्यांना स्वतः खेळून धडा देत होता.

१९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ हंगामांत होळकर संघ आठ वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा विजेता ठरला: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. मुंबईसारख्या बलाढ्य संघासमोर एका संस्थानाच्या राजधानीने मिळवलेले हे यश आहे. त्यानंतर नायडू आंध्रकडे गेले. होळकर संघ १९५४-५५ नंतर इतिहासजमा झाला. संस्थाने गेली, त्यांचे संघही गेले. नायडू मात्र थांबले नाहीत. १९५६-५७ साली, एकसष्टाव्या वर्षी, उत्तर प्रदेशाच्या संघाचे नेतृत्व करीत ते रणजी सामने खेळत होते आणि अखेरच्या डावात त्यांनी ५२ धावा केल्या. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू.

या ठिकाणी आपल्या वर्ध्याचा संबंध येतो, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. नायडू ज्या चौरंगी सामन्यांत वाढले, ते पुढे पंचरंगी झाले. हिंदू एका बाजूला, मुसलमान दुसऱ्या, पारशी तिसऱ्या. डिसेंबर १९४० मध्ये मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी या सामन्यांविषयी सल्ला विचारायला गांधीजींकडे वर्ध्याला आले. गांधीजींनी स्पष्ट सांगितले की महाविद्यालयांचे किंवा संस्थांचे संघ एकमेकांशी खेळले तर ते समजू शकते, पण धर्मावरून संघ पाडणे आपल्याला कधीच पटलेले नाही. आपल्या जिल्ह्यातून निघालेल्या या शब्दांनी मुंबईत वादळ उठले. त्या वर्षी हिंदू संघ मैदानात उतरला नाही, आणि १९४६ साली ते सामने कायमचे बंद झाले. नायडूंना कीर्ती दिली ती धर्माच्या नावाने खेळणाऱ्या संघाने, हे खरे. पण त्यांनी स्वतः जो संघ घडवला त्यात मुश्ताक आणि सरवटे खांद्याला खांदा लावून खेळत. गांधीजींना अभिप्रेत असलेले उत्तर मैदानावर असेही दिले जात होते, असे मला वाटते.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी हा लेख घरी वाचून दाखवला. माझे वडील हमाली करतात. कापसाच्या हंगामात त्यांच्या पाठीवर दिवसभर ओझी असतात. लागले तरी चोळायचे नाही, हे वाक्य ऐकून ते हसले, आणि आपोआप त्यांचा हात उजव्या खांद्याकडे गेला. तो खांदा तीन वर्षांपूर्वी दुखावला. त्यांनी घरात कुणाला सांगितले नाही, कारण सांगितले तर रोजी बुडेल आणि मला कॉलेजात घालायचे होते. आज तो हात खांद्याच्या वर जात नाही. त्यांनी कधी क्रिकेट पाहिले नाही. पण न चोळण्यात ते कर्नलपेक्षा तसूभरही कमी नाहीत.

तेव्हापासून माझ्या मनात एक प्रश्न घर करून बसला आहे. वेदना लपवणे हा नेहमीच गुण आहे काय? नायडूंनी मार सोसला तो स्वतःच्या खुशीने. बाहेर जायचे ठरवले असते तर त्यांना कुणी अडवले नसते; तंबूत वैद्य होता, पाठीशी संस्थान होते. आमच्या घरी ती खुशी नव्हती, लाचारी होती. एकाच कृतीला मैदानात शौर्य म्हणायचे आणि बाजारात तिची दखलही घ्यायची नाही, हे मला पटत नाही. शिवाय नायडूंच्या संघातही एखाद्या मुलाचे बोट खरोखरच मोडले असेल, आणि भीतीपोटी तो बोलला नसेल. इतिहासात त्याचे नाव नाही. कठोर गुरूंच्या कथा सांगतात ते त्यांच्या हाताखाली टिकलेले शिष्य. जे टिकले नाहीत त्यांना कुणी विचारत नाही.

म्हणजे मग नायडूंचे मोठेपण कमी होते काय? मी पुष्कळ विचार केला, आणि तसे मला वाटत नाही. त्यांच्या कठोरपणात एक गोष्ट अशी होती, जी सगळ्याच कठोर माणसांत नसते. ते हुकूम देऊन सावलीत बसले नाहीत. ज्या उन्हात शिष्याला उभे केले, त्याच उन्हात ते त्याच्या शेजारी, त्याच्याहून तीस वर्षांनी मोठे असून उभे राहिले. जो चेंडू त्याला खायला लावला, तो आधी स्वतःच्या दातांवर घेतला. म्हणून त्यांच्यावर चिडलेली माणसेही पुढे त्यांच्याविषयी आदराने बोलली. दुसऱ्याला सोसायला सांगण्याचा अधिकार असा मिळवावा लागतो. नुसत्या वयाने, हुद्द्याने किंवा राजघराण्यातल्या जन्माने तो मिळत नाही, हे विजयनगरमच्या महाराजकुमारांनी उलट्या बाजूने सिद्ध केलेच आहे.

कर्नल नायडू १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरला वारले. प्रथम दर्जाच्या २०७ सामन्यांत ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी, हा त्यांचा हिशेब. त्यांची कन्या चंद्रा नायडू प्राध्यापिका झाल्या. देशातल्या पहिल्या महिला क्रिकेट समालोचक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, आणि वडिलांच्या आठवणींचे पुस्तकही त्यांनी लिहिले. नियामक मंडळाने १९९४ पासून नायडूंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्याचे पहिले मानकरी ठरले लाला अमरनाथ, म्हणजे १९३३ साली मुंबईत त्यांच्या समोरच्या टोकाला खेळणारा तो बावीस वर्षांचा तरुण!

शेवटी एक योगायोग. आपल्या विदर्भाच्या संघाला रणजी करंडकासाठी फार वर्षे वाट पाहावी लागली. मुंबईचे चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. शिस्तीच्या बाबतीत त्यांचाही लौकिक कडकच. फैज फजलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवले आणि १ जानेवारी २०१८ रोजी करंडक प्रथमच विदर्भाचा झाला. तो सामना झाला कुठे? इंदूरला, होळकरांचे नाव असलेल्या मैदानावर. १९२३ साली नागपूरने इंदूरला एक माणूस दिला होता. पंचाण्णव वर्षांनी इंदूरहून त्याची परतफेड आली, असे मला वाटले. त्यानंतर २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्येही विदर्भच विजेता ठरला.

यंदाही मी महाविद्यालयाच्या संघात आहे. नव्या आलेल्या मुलांना झेलांचा सराव देण्याचे काम माझ्याकडे आहे. परवा प्रथम वर्षाच्या एका मुलाच्या बोटावर चेंडू बसला. त्याने पटकन हात मागे लपवला आणि काही झालेच नाही असे दाखवले. मी त्याला जवळ बोलावून बोट पाहिले. सुजले होते. त्याला पट्टी बांधली, बसवले, आणि मग त्याच्या जागी उभा राहून तितक्याच जोराचे झेल मी स्वतः घेतले. मनगटावर एक बसला. मी चोळले नाही. कर्नलसाहेबांकडून एवढे घेतले तरी पुरे आहे, असे मला वाटते. चोळायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. पण पुढे उभे राहायचे ते आधी आपण.